वाघरीची चावी

गोरक्षला नाही म्हणता येत नाही, असं जर कुणी म्हणालं तर ते साफ खोटं. लेखी तो कुणालाही नाही म्हणायचा. जर्मनीतल्या एका नामांकित प्रोग्रामरला त्यानं तीन ओळींत नाही म्हटलं होतं. कॅनडाच्या एकानं दीडशे ओळींचा बदल पाठवला, तर त्यातल्या एकशे चाळीस कशाला नकोत हे त्यानं आकडे घालून सांगितलं, आणि तो बाबा वर आभार मानून गेला. पण तेच माणूस समोर येऊन बसलं, त्याच्या हातात चहाचा कप गेला आणि त्यानं "बरं का गोरक्ष" अशी सुरुवात केली, की गोरक्षची मान त्याला न विचारता हलायची. ओतूरच्या अलीकडं त्यांची पंचवीस-तीस घरांची वस्ती. तिथल्या प्रत्येक घराचे पीकविम्याचे अर्ज, दाखल्यांच्या खेपा, लग्नाचे फ्लेक्स आणि बंद पडलेले प्रिंटर याच मानेनं ओढून आणलेले होते.

पोटापाण्याला तो वारूळवाडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. सकाळची बॅच एकला सुटायची, दुपारची चारला भरायची. मधल्या तीन तासांत काय करायचं याची मालकानं त्याला पूर्ण मोकळीक दिली होती, कारण त्या तीन तासांचा पगार तो देत नव्हता. कुणी म्हणेल झोपावं, कुणी म्हणेल शिकवण्या घ्याव्यात. गोरक्षनं सहा वर्षं त्या तीन तासांत जगाची फुकट चाकरी केली.

चाकरी कसली, तर त्यानं प्रोग्रामर लोकांसाठी एक हत्यार बनवलं होतं. प्रोग्रामर माणूस आपला कोड लिहितो आणि दहा जणांना दिसेल अशा जागी नेऊन ठेवतो. घाईत त्यात कुठं बँकेचा पासवर्ड राहतो, कुठं सर्व्हरची किल्ली. एकदा बाहेर गेलेला पासवर्ड परत आणता येत नाही. गोरक्षचं हत्यार दारात उभं राहायचं आणि बाहेर पडणारी प्रत्येक फाईल तपासायचं. आत काही गुपित राहिलेलं दिसलं की तिला तिथंच अडवायचं. त्यानं त्याला नाव दिलं होतं 'वाघर'. मेंढरं रात्री रानात बसवायची तेव्हा भोवती जाळं लावतात, ती वाघर. आजकाल बिबट्या तिला मोजत नाही, वरून उडी मारून येतो. पण वाघर मुळात बिबट्यासाठी नसतेच. ती आतलं कोकरू बाहेर जाऊ नये म्हणून असते.

हे हत्यार त्यानं सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. कुणीही घ्या, कुणीही वापरा, कोड वाचा, सुधारणा सुचवा. फक्त कुठली सुधारणा आत घ्यायची आणि कुठली नाही, हे ठरवायची चावी एकट्या गोरक्षकडं. ब्राझीलपासून जपानपर्यंत हजारो लोक वाघर वापरत होते आणि वारूळवाडीच्या त्या पंख्याखाली बसलेल्या माणसानं हो म्हटल्याशिवाय तिची एक ओळ हलत नव्हती. बाकी आयुष्यात त्याला विचारून हलणारी वस्तू म्हणजे घरची शेळी, आणि तीही रोज नाही.

त्याच्या बापाला, यमाजीला, या कामाबद्दल एकदाच कुतूहल वाटलं होतं. यमाजीनं चाळीस वर्षं मेंढरं वळली. दिवाळीनंतर माळशेज उतरून कोकणात जायचं, पावसाआधी परत यायचं, आणि वाटेत ज्यानं बोलावलं त्याच्या रानात मेंढरं बसवायची. मेंढराचं खत त्या रानाला, बदल्यात धन्याकडून चार पायली धान्य आणि दोन वेळचं जेवण. आता पंधरा-वीस मेंढरं उरली होती. पोराचं सगळं ऐकून घेऊन त्यानं आपल्या मापानं मोजलं.

"म्हंजे खत आपलं, रान त्यांचं."

"हां आबा."

"दाणं?"

"नाहीत."

"जेवान तरी?"

गोरक्ष हसला. यमाजीनं जरा वेळ तंबाखू मळली. मग विचारलं, "बरं, वळखत्यात तरी का तिकडची मानसं तुला?"

ओळखतात, म्हणाला गोरक्ष. मग यमाजीनं तंबाखू दाढेला धरली आणि विषय मिटला. ज्या रानाचा धनी दुसऱ्या वर्षी आपण होऊन निरोप धाडतो ते रान चांगलं, एवढं त्याला पटत होतं.

पण खरी गोष्ट गोरक्षनं बापाला सांगितली नव्हती. तिकडं ओळखत होते, इकडं कुणी ओळखत नव्हतं. वस्तीच्या लेखी तो "कॉम्प्युटरवाला गोरक्ष", म्हणजे प्रिंटरवाल्याच्या एक बोट वर. त्याची बायको आशा अंगणवाडीत मदतनीस होती, चार माणसांत वावरलेली. तिलाही बायांनी विचारलं की नवरा दुपारी काय करतो, तर ती "कायतरी ऑनलाईन" म्हणून मोकळी व्हायची. हे त्याला आतून लागायचं. फुकट काम करणारा माणूस पैशावर पाणी सोडतो ते खरं, पण बाकी कशाकशावर सोडतो ते त्याचं त्यालाही माहीत नसतं.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका कंपनीचं पत्र आलं. बाणेरच्या बाजूला काचेची इमारत असलेली कंपनी. तिनं वाघरीच्या भोवती आपला माल उभा केला होता आणि तो मोठमोठ्या बँकांना विकत होती. त्यात गैर काही नव्हतं. कुणीही वापरा, असं गोरक्षनंच लिहून ठेवलं होतं. अडचण अशी झाली की त्या बँकांनी कंपनीला विचारलं, या सगळ्याची चावी जुन्नर तालुक्यातल्या एका क्लासमास्तराकडं कशी? तेव्हा कंपनीनं अत्यंत नम्रपणे चावी मागितली.

गोरक्षनं लिहिलं, नाही. वापरा, कमवा, चावी देणार नाही.

दुसरं पत्र आलं. त्यात आणखी एक होतं. कंपनीच्या गिऱ्हाइकांना वाघर धिमी वाटत होती, तर फार मोठ्या फायली न तपासता सोडून द्याव्यात, म्हणजे वेग दुप्पट होईल. गोरक्षनं त्यावर पान भरून उत्तर लिहिलं. मोठ्या फायलीतच माणसाचं लक्ष चुकतं, गुपित तिथंच राहतं. त्या सोडायच्या तर वाघर लावायचीच कशाला? आणि असलं काही आत येऊ नये म्हणूनच चावी माझ्याकडं आहे. हे पान त्यानं नेटवर चौघांना दिसेल असं टाकलं. परदेशातल्या लोकांनी वाहवा केली. केनियात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी एक बाई होती, तिनं लिहिलं की तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत. त्या एका वाक्यावर गोरक्षचे पंधरा दिवस गेले.

कंपनीनं तिसरं पत्र धाडलं नाही. ऋतिक धाडला.

ऋतिक म्हणजे धर्माजीच्या लेकीचा मुलगा, मंचरचा. धर्माजी यमाजीच्या भावकीतला, माजी सरपंच, दूध सोसायटीचा चेअरमन. वस्तीत लग्न असो की भांडण, धर्माजीच्या चपला दारात दिसल्याशिवाय काही पार पडत नसे. ऋतिक त्या कंपनीत दोन वर्षं चिकटलेला होता. तो एका रविवारी मोटारसायकलवर आला, आशाच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली, दोनदा मागून घेतली, यमाजीच्या पाया पडला, मेंढरांचे फोटो काढले, आणि वाघरीबद्दल चकार शब्द न काढता निघून गेला. गोरक्षला पोरगा फार आवडला. ऋतिकनं मात्र तेवढ्या जेवणात जे पाहायचं ते पाहिलं असावं. जेवता जेवता शेजारचा भागू येऊन उद्याच्या उद्या तीन अर्ज भरून मागून गेला होता, आणि गोरक्ष 'बरं' म्हणाला होता.

महिन्याभरानं धर्माजीनं निरोप धाडला: गोरक्षचा सत्कार करायचाय. पुण्याहून मोठी मंडळी येणार आहेत, सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी अकराला.

गोरक्ष आशाला ही बातमी सांगताना अगदी सहज सांगावी तशी सांगत होता, पण त्यानं ती चपला काढायच्या आधी सांगितली. आशा लसूण सोलत होती.

"शाल कशाबद्दल?"

"सहा वर्षांच्या कामाबद्दल."

"सा वर्सं दिसलं न्हाई त्यांला, आत्ताच कसं दिसाय लागलं?"

गोरक्ष म्हणाला, उशिरा का होईना दिसलं ना. आशा म्हणाली, "दिसू द्या. पन ते काय मागायला आले तर घरी इचारून सांगतो म्हना. मोठी मानसं असंच म्हनत्यात." मग तिनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. तिलाही बायांमध्ये सांगायला एकदा काहीतरी हवं होतंच.

त्यानं मनाशी पक्कं केलं. चावी मागितली तर नाही म्हणायचं. एरवी लिहितो तसंच, तोंडानं. रविवारपर्यंत त्यानं ते वाक्य मोटारसायकलवर येता-जाता इतक्यांदा म्हटलं की खोडद फाट्यावरचा वडापाववाला त्याला विचारायला लागला, सर, पोवाडा बसवताय का.

सोसायटीच्या दारात फ्लेक्स लागला होता. त्यात सगळ्यात मोठा फोटो धर्माजीचा, हात जोडलेला. त्याच्या खालोखाल कंपनीच्या मोठ्या बाईंचा. गोरक्षचा फोटो आधार कार्डावरून काढलेला, एका कोपऱ्यात, खाली 'जागतिक कीर्तीचे कॉम्प्युटर तज्ज्ञ'. हॉल भरला होता. जेवण आहे असं कळल्यावर वस्ती भरभरून कर्तृत्वाची कदर करते.

गोरक्ष मंचावर बसला आणि समोर पाहिलं, तर पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत यमाजी. डोक्याला नवा फेटा. सोसायटीच्या सभेला यमाजी आयुष्यभर आला होता तो मागं, दाराशी, उकिडवा बसायला. मेंढरामागं फिरणारा माणूस, दूध घालायला गाय नाही, त्याला खुर्ची कोण देणार? आज धर्माजीनं स्वतः हाताला धरून त्याला पुढं आणलं होतं. यमाजी खुर्चीच्या कडेवर टेकून बसला होता, पूर्ण मागं रेलायचा धीर त्याला झाला नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि नजर पोरावर.

भाषणं झाली. वाघर म्हणजे काय हे धर्माजीला कळलं नव्हतं, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नाही. गोरक्षनं कॉम्प्युटरमध्ये वाघर लावली आणि अमेरिकेचे चोर त्यात सापडायला लागले, असं त्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग फ्लेक्सवरच्या त्या मोठ्या बाई, कंपनीच्या साधना मॅडम, उठल्या. त्या मराठी छान बोलल्या, नेमकं बोलल्या, काम समजून बोलल्या. एका माणसानं एका खेड्यातून सहा वर्षं निरपेक्षपणे काय उभं केलं हे त्यांनी सांगितलं तेव्हा हॉल खरोखर गप्प झाला. बायांच्या बाजूला बसलेल्या आशाच्या पाठीवर दोघी-तिघींनी हात ठेवला. इतकी वर्षं जे कुणी म्हणावं असं गोरक्षला वाटत होतं ते सगळं ही बाई माइकवर म्हणत होती, आणि ते खोटं नव्हतं. विष द्यायचं तर खिरीतून द्यावं. इथं तर खीरही अस्सल दुधाची होती.

शाल आली. श्रीफळ आलं. मग फायलीत घातलेला कागद आला. वरचं पान सन्मानपत्राचं, सोनेरी महिरप, मोठी मराठी अक्षरं. त्याच्याखाली दुसरं पान, बारीक इंग्रजी, आणि तळाशी सहीची रेघ. "आपल्या सहयोगाचं हे एक औपचारिक पत्र," साधना मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढं धरलं. फोटोग्राफर म्हणाला, सर, इकडं बघा.

आता गोरक्षला फसवलं असं म्हणायची सोय नाही. वाघरीसाठी सहा वर्षं फक्त बारीक अक्षरं वाचलेला माणूस तो. पहिल्या दोन ओळी त्यानं एका नजरेत वाचल्या. वाघर हे नाव, तिचा कोड, तिच्या चावीसकट सगळे हक्क कंपनीकडं कायमचे हस्तांतरित. गोरक्ष यमाजी यांना 'आद्य संकल्पक' हा सन्मान. त्यानं पुढं वाचायला कागद थोडा जवळ घेतला. वाक्य तयार होतं. इतके दिवस घोटलेलं वाक्य जिभेच्या टोकाला येऊन उभं राहिलं.

शेजारच्या खुर्चीतून धर्माजी झुकला. माइकपासून तोंड वळवून, पण पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "आरं, पावण्यांनी दिलेला कागुद मंचावर वाचत बसत्यात व्हय? आमी बसलोय की हितं."

कागद वाचणं म्हणजे पाहुण्यावर संशय घेणं. आणि पाहुणा कुणाचा, तर धर्माजीचा. या मुलखात नारळ हातात घेतला म्हणजे शब्द दिला. मांडीवर नारळ ठेवून सौदा मोडणारा माणूस पुढच्या लग्नात कुणाच्या पंगतीला बसणार? गोरक्षनं समोर पाहिलं. यमाजीला इंग्रजी येत नव्हतं, मराठीही सहीपुरतंच. त्याला एवढंच दिसत होतं की मोठ्या माणसांनी पेन पुढं केलंय आणि पोरगं थांबलंय. त्यानं हलकेच मान हलवली. कर, कर.

आपण उठलो तर खुर्चीतून आबाही उठेल, एवढाच विचार गोरक्षच्या डोक्यात आला. त्यानं सही केली. टाळ्यांमध्ये यमाजी पहिल्यांदा पाठ टेकवून बसला.

तरीही एक कुलूप बाकी होतं. कागदावर सही झाली तरी वाघर प्रत्यक्ष हलवायची ती गोरक्षच्या खात्यातूनच. जेवण झाल्यावर धर्माजीच्या पडवीत ऋतिकनं लॅपटॉप उघडला. "भाऊ, दोन मिनिटांचं काम हाय," म्हणाला. आतून बायका ताटं उचलत होत्या. धर्माजी झोपाळ्यावर सुपारी कातरत होता. हस्तांतराच्या आधी यंत्र शहाणपणानं एकदा थांबवतं: हे परत घेता येणार नाही, खरंच करायचं असेल तर प्रकल्पाचं नाव स्वतःच्या हातानं टाइप करा. धर्माजीपेक्षा यंत्राला गोरक्षची जास्त काळजी होती.

"मोठ्या फायली सोडायच्या नाहीत," गोरक्ष म्हणाला. "एवढं कुठंतरी लिहून घ्या."

"भाऊ, तुमी हायच की," ऋतिक म्हणाला. "तुमाला इचारल्याबिगर काय करनार हाय का आमी?"

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. बोलताना त्याला ते खरंच वाटत असावं. जेवलेल्या घरात माणसाला सगळंच खरं वाटतं. गोरक्षनं एकेक अक्षर दाबून वाघरीचं नाव टाइप केलं.

पहिला आठवडा तो रोज दुपारी जाऊन पाहत होता. चौथ्या दिवशी कंपनीनं जुनी जागा बंद केली. सहा वर्षांचा सगळा इतिहास, कोणी काय कधी बदललं याची पानंच्या पानं, मागं कोठीत टाकून दिली आणि नव्या जागी वाघर कोरीकरकरीत मांडली. प्रमुख मेंटेनर, म्हणजे चावी सांभाळणारा, म्हणून ऋतिकचं नाव. तळाला, पान सरकवत सरकवत गेलं की एका ओळीत 'आद्य संकल्पक'. सहाव्या दिवशी गोरक्षची चावी लागेना. त्यानं ऋतिकला फोन केला. ऋतिक म्हणाला, भाऊ, हे सगळं वरून होतं, माझ्या हातात काही नाही. ते खरं असावं. त्याच महिन्यात त्याच्या हाताखाली चार माणसं आली होती. वस्तीच्या शाळेला कंपनीकडून दहा कॉम्प्युटर आले. खोलीवर धर्माजीच्या नावाची पाटी लागली, आणि त्यातला एक बिघडला तेव्हा दुरुस्तीला गोरक्षला बोलावणं आलं. तो गेला.

यमाजी मात्र पालटला. भर उन्हात शाल पांघरून तो ओतूरच्या बाजाराला जायला लागला. कांद्याच्या पिशव्यांच्या वक्कलावर बसून लोकांना सांगायचा, पुण्याची मानसं आली व्हती, आमच्या पोराची सही घेऊन गेली. सही घेऊन गेली, हे सांगताना त्याचा आवाज भरून यायचा. दाराशी उकिडवं बसणं त्यानं सोडलं. सोसायटीत गेला की खुर्ची ओढून घ्यायचा, आणि कुणी हरकत घेत नव्हतं.

"आबांना सांगा एकदा," आशा म्हणाली. सगळं तिला त्यानंच सांगितलं होतं, सत्काराच्या संध्याकाळीच. ती रागावली नव्हती. घरी विचारून सांगतो एवढं म्हणायचं होतं, म्हणाली, आणि भाकरी थापायला वळली. ते रागावण्यापेक्षा वाईट.

"काय सांगू?"

"काय गेलं ते."

गोरक्ष म्हणाला, गेलेलं समजावून सांगायचं तर आधी काय होतं ते समजावून सांगावं लागेल. आशाला त्याचं उत्तर पटलं नाही. पण सासरा अंगणात शालीची घडी घालत होता, चारही कोपरे जुळवून, तेव्हा तिनंही विषय काढला नाही.

पावसाळ्यात केनियाच्या बाईचं पत्र आलं. कंपनीला नाही, गोरक्षला. सहा वर्षांची सवय. तिच्या हाताखालच्या एका मुलाच्या फायलीतून दवाखान्याच्या सर्व्हरची किल्ली बाहेर गेली होती. वाघर लावलेली असताना गेली. रोग्यांची माहिती निघायच्या आत त्यांनी धावपळ करून सगळं बंद केलं, पण तिला कळत नव्हतं, असं झालंच कसं? तिनं दोष दिला नव्हता. तिनं विचारलं होतं: तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?

गोरक्षनं नवा कोड उघडला. शोधावं लागलंच नाही. मोठी फाईल आली की न तपासता सोड, चार ओळी, नीट टापटीप लिहिलेल्या, वर शेरा: 'वेगासाठी.'

दोन वाजले होते. क्लास रिकामा होता. त्यानं आपल्याकडच्या प्रतीत त्या चार ओळी काढल्या आणि अकरा नव्या घातल्या: फाईल तुकड्यातुकड्यानं तपासायची, म्हणजे वेगही राहतो आणि काही सुटतही नाही. ही युक्ती त्याला वर्षापूर्वीच सुचलेली होती; पण कंपनीला खरी हवी होती ती चावी, वेग नव्हे, म्हणून त्यानं सांगितली नव्हती. अर्ध्या तासात काम झालं. त्यानं बदल पाठवला.

क्षणात यंत्राचं उत्तर आलं.

'नमस्कार! वाघर परिवारात आपलं स्वागत. हे आपलं पहिलंच योगदान दिसतंय. पहिलं पाऊल टाकल्याबद्दल अभिनंदन! आपला बदल तपासण्याआधी कृपया सोबतचा करार वाचून मान्य करा. नवोदितांसाठी सोपी कामं इथं पाहता येतील.'

खाली सोप्या कामांची यादी होती. गोरक्षनं तीही पाहिली. त्यातली दोन कामं त्यानंच कधीतरी 'सवडीनं करू' म्हणून लिहून ठेवलेली होती.

करार चौदा कलमांचा होता. तो त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खुर्ची पुढं ओढून, घाई न करता. समोर कुणी बसलं नव्हतं. माइक नव्हता, नारळ नव्हता, पेन धरून कुणी उभं नव्हतं. इथं नाही म्हणायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती. तसं त्यानं लिहूनही पाहिलं: हे माझं पहिलं योगदान नाही. हे वाक्य त्यानं बराच वेळ पाहिलं. ते वाचणार कोण? यंत्र. आणि तिकडं त्या बाईच्या दवाखान्याचं दार आजही उघडंच होतं. आणखी किती जणांचं, ते मोजायची सोय आता त्याच्याकडं नव्हती.

त्यानं वाक्य खोडलं आणि 'मान्य' दाबलं.

नऊ दिवस बदलाकडं कुणी पाहिलं नाही. त्या बाईनं दोनदा विचारलं. दहाव्या दिवशी, तो घरी असताना, ऋतिकचा फोन आला. आवाजात खरी आपुलकी होती. बदल एकदम भारी आहे भाऊ, म्हणाला, सगळे खूश आहेत. पण आता एक पद्धत बसवली आहे. बाहेरून आलेल्या बदलाबरोबर तो नीट चालतो हे दाखवणाऱ्या चाचण्या लागतात, तेवढ्या लिहून द्या, म्हणजे पुढच्या खेपेला घेता येईल. नियम सगळ्यांना सारखा, आपल्या माणसाला सूट दिली तर वर बोलणी बसतात.

"किती लिहायच्या?" गोरक्षनं विचारलं.

"वीसेक द्या की. तुमाला काय, हातचा मळ."

यमाजी ओसरीवर बसून ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, कुणाचा व्हता? पुण्याच्या कंपनीचा, गोरक्ष म्हणाला. यमाजीचा चेहरा उजळला. "अजून काम सांगत्यात तुला?"

"सांगतात."

"मंग झालं की," यमाजी म्हणाला. "इसारले न्हाईत."

आशा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक वाजता सकाळची बॅच सुटली. गोरक्षनं पंखा लावला, खुर्ची ओढली आणि पहिली चाचणी लिहायला घेतली.